घरच्या सुतारकामासाठी किफायतशीर हत्यारे व लाकूड

आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की खरिपाची लगबग सुरू होते. बियाणे, खते, मजूर आणि बैल किंवा ट्रॅक्टर यांची जुळवाजुळव शेतकरी आधीपासून करून ठेवतो. औजारांच्या लाकडी भागांकडे मात्र ते मोडल्यावरच लक्ष जाते. पूर्वी गावचा सुतार बलुत्यावर ही कामे करीत असे. सुगीला त्याला धान्य दिले की वर्षभराच्या दुरुस्तीची काळजी मिटत होती. ही पद्धत बहुतेक गावांतून गेली. आता दोन-तीन गावांत मिळून एखादाच सुतार असतो आणि हंगामात त्याच्या दारी रांग लागते.

याचा अनुभव मी घरच्या शेतावर घेतला आहे. आमची जमीन मराठवाड्यात, भारी काळी. २०१६ च्या जूनच्या शेवटच्या आठवड्यात चांगला वापसा आला असताना तिफणीचा एक फण निखळला व भोकाजवळ खोड चिरले. सुताराकडे सहाजण आधीच बसलेले होते. मी शहरातून स्वस्तात आणलेली हत्यारांची पेटी उघडली. पटाशी बाभळीच्या लाकडावर दोन-चार घावांतच दुमडली आणि करवत अर्ध्यावर अडकून बसली. दुरुस्तीत दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी पाऊस लागला आणि पुढचा वापसा आठ दिवसांनी मिळाला. राहिलेल्या दीड एकराची पेरणी तेवढी उशिरा झाली. पेटीची किंमत अशा रीतीने मी दोनदा मोजली, एकदा दुकानात आणि एकदा शेतात.

म्हणून हत्यारांचा किफायतशीरपणा किमतीच्या चिठ्ठीवरून ठरवू नये. हंगामात जे दगा देत नाही ते स्वस्त, असे समजावे. थोडी पण चांगल्या पोलादाची हत्यारे, स्वतःच्या बांधावरचे वेळेवर तोडून वाळविलेले लाकूड आणि धार लावण्याची सवय या तीन गोष्टी जमल्या तर घरच्या सुतारकामाचा खर्च फारसा येत नाही.

खरेदीपूर्वी कामाची यादी करावी

आपल्या शेतावर वर्षभरात लाकडाची कोणती कामे निघतात, ती प्रथम कागदावर लिहावीत. साधारणपणे कुदळ, टिकाव, कुऱ्हाड व फावड्याचे दांडे, कोळप्याची दांडी, वखराचे रुमणे, जुवाच्या शिवळा, गोठ्याचे दार, गव्हाणीच्या फळ्या, रोपवाटिकेची मांडणी आणि मधपेट्या एवढीच कामे असतात. यासाठी कारखान्यातील यंत्रे लागत नाहीत. पुढील तक्त्यातील हत्यारे पुरेशी आहेत.

तक्ता : शेतावरील सुतारकामासाठी आवश्यक हत्यारे

१. हात करवत : आडवे कापण्यासाठी, इंचाला ६ ते ८ दात असलेली.
२. वाकस : लाकूड तासून आकार देण्यासाठी.
३. पटाशी : अर्धा इंच व एक इंच रुंदीची. भोके पाडण्यासाठी जाड पात्याची वेगळी.
४. रंधा : दांडे व फळ्या सफाईदार करण्यासाठी, मध्यम आकाराचा.
५. गिरमिट किंवा ड्रिल : भोकांसाठी. वीज वेळेवर नसते तेथे हाताने फिरवावयाचे अधिक भरवशाचे.
६. गुण्या व टेप : मापासाठी.
७. कानस : एक सपाट व एक अर्धगोल. करवतीच्या दातांसाठी तिकोनी लहान कानस वेगळी.
८. हातोडी : एक. पटाशीवर मारण्यासाठी लाकडी मोगरी घरीच करावी.
९. शेगडा : लाकूड घट्ट धरण्यासाठी.
१०. धारेचा दगड : एका बाजूने भरड व दुसऱ्या बाजूने बारीक.

सर्व हत्यारे एकाच वर्षी घेण्याची गरज नाही. पहिल्या वर्षी करवत, वाकस, एक पटाशी, गुण्या, कानस व धारेचा दगड एवढे घ्यावे. दगडाशिवाय पटाशी घेणे म्हणजे वैरणीची सोय न करता बैल घेण्यासारखे आहे.

किमतीचा विचार वर्षाच्या हिशोबाने करावा. समजा, १२० रुपयांची मऊ पटाशी एका हंगामात निकामी झाली आणि ४८० रुपयांची पटाशी धार लावत बारा वर्षे चालली. पहिलीचा वर्षाचा खर्च १२० रुपये, दुसरीचा ४० रुपये. ठोकळे, मोगरी, हत्यारांचे दांडे, पेटी या वस्तू विकत न घेता जो पैसा वाचतो, तो धारेच्या हत्यारांवर खर्च करावा. वीस-तीस नगांच्या पेटीत आपल्या कामाचे नग बहुधा पाच-सहाच असतात. त्यामुळे सुटी हत्यारे घेणे चांगले.

दुकानात करावयाच्या सोप्या चाचण्या

घरबसल्या मागविलेले हत्यार हातात घेऊन पाहता येत नाही. म्हणून धारेची हत्यारे शक्यतो दुकानातूनच घ्यावीत व पुढील बाबी तपासाव्यात.

१. पटाशी व रंध्याचे पाते : धारेजवळच्या भागावर बारीक कानस हलकेच फिरवून पाहावी. कानस सहज रुतून लोखंडाचा कीस निघाला तर पाते मऊ आहे. कानस अजिबात न लागता काचेवरून सरकावी तशी सरकली तर पाते ठिसूळ असण्याची शक्यता असते व त्याचे तुकडे उडतात. कानस जेमतेम लागते ते पाते चांगले.

२. करवत : पाते हाताने कमानीसारखे वाकवून सोडावे. ते पूर्ववत सरळ झाले पाहिजे. दात आळीपाळीने डावी-उजवीकडे सारखे वाकविलेले असावेत, नाही तर ओल्या लाकडात करवत अडकते. दातांची टोके निळसर काळी असतील तर ते दात खास कठीण केलेले असतात. अशी करवत बरेच दिवस चालते, पण बोथट झाल्यावर कानशीने धार लागत नाही. खेड्यात धार लावता येणारी करवत अधिक सोयीची.

३. गुण्या : फळीच्या सरळ कडेला लावून एक रेघ ओढावी. नंतर गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या बरोबर आहे. फाकल्या तर घेऊ नये.

४. रंधा : तळ उजेडाकडे धरून त्यावर सरळ पट्टी ठेवावी. पट्टीखालून उजेड दिसत असेल तर तळ सपाट नाही.

५. हातोडी : ओतीव हातोडीचा तुकडा उडून डोळ्याला इजा होऊ शकते. घडीव हातोडी घ्यावी.

जुनी हत्यारे व लोहाराकडील हत्यारे

पोलाद चांगले असेल तर जुने हत्यार नव्यापेक्षा फायद्याचे ठरते. वरवरचा गंज हा दोष मानू नये. तो कानस, पॉलिश पेपर व तेलाने निघतो. मात्र धारेजवळ खोल खड्डे पडले असतील, पाते चिरलेले असेल किंवा सहाणेच्या यंत्रावर तापून निळे पडले असेल तर विचार करावा. निळा रंग म्हणजे पोलादाचे पाणी उतरल्याची खूण आहे. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. ज्या घरात सुतारकाम बंद झाले आहे तेथील हत्यारे बहुतेक वेळा उत्तम असतात. योग्य किंमत देऊन ती घ्यावीत व शक्य असल्यास त्या जाणत्या माणसाकडून धार लावणेही शिकून घ्यावे. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट हत्यारांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. परंतु एखाद्या पटाशीसाठी एवढा प्रवास परवडत नाही. इतर कामाने जाणे झाले तर यादी सोबत न्यावी.

वाकस, कुऱ्हाड व जाड पटाशी आठवडी बाजारातील लोहाराकडून करून घ्यावी. मोटारीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचे पोलाद यासाठी चांगले असते. पाटा आपण भंगारातून नेऊन दिला तर मजुरीच द्यावी लागते. पाणी देण्याचे काम लोहाराच्या हातचे आहे, तेथे घाई करू नये. जुन्या कानशीची पटाशी काही जण करतात. कानस फार ठिसूळ असते. तिचे पाणी उतरवून घेतल्याशिवाय तिच्यावर हातोडी मारू नये.

लाकूड कोठून मिळवावे?

(अ) बांधावरचे लाकूड : औजारांसाठी बाभळीचा तांबूस गाभा उत्तम. तो कठीण, चिवट व घाव सोसणारा असतो. बाहेरच्या पांढरट भागाला कीड लवकर लागते, म्हणून तो तासून टाकावा. धावड्याचे लाकूड दांड्यांसाठी फार चांगले. नाल्याकाठी माजलेली वेडी बाभूळ आपण सरपणात घालतो. तिचे लाकूड जड, कठीण व वाळताना कमी आकसणारे असते. सरळ व लांब तुकडे क्वचित मिळतात, पण पटाशी व हातोडीचे दांडे तिच्यातून फुकट निघतात. मोगरीसाठी चिंचेचे लाकूड वापरावे. फावडे व कोळप्याच्या हलक्या दांड्यांना भरीव मानवेल बांबू चालतो. सुबाभळीचे लाकूड घाव घालणाऱ्या हत्यारांच्या दांड्यांसाठी वापरू नये. निलगिरी वाळताना तडकते व पीळ घेते, म्हणून ती खांबांपुरतीच ठेवावी.

झाड तोडण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहावी. महाराष्ट्र झाडतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, फणस, खैर, अंजन, जांभूळ, मोह अशी झाडे आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. इतर झाडांच्या बाबतीतही तलाठी किंवा वन परिक्षेत्र कार्यालयात आधी चौकशी करावी आणि वाहतुकीचा परवाना लागतो का ते विचारावे. वनक्षेत्राबाहेरील बांबू मात्र २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून वगळण्यात आला आहे. पुष्कळदा झाड तोडावे लागतच नाही. वाऱ्याने मोडलेली जाड फांदी दोन-तीन दांडे सहज देते.

(ब) जुन्या घराचे लाकूड : जुने वाडे व माळवदे उतरविली जातात तेव्हा सागाच्या तुळया, फळ्या व चौकटी मिळतात. हे लाकूड अनेक वर्षे वाळलेले असल्याने आणखी आकसत नाही व पीळ घेत नाही. दारे, मांडण्या व मधपेट्यांसाठी ते चांगले. घेताना टोकाचा भाग पाहावा, हातोडीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर आत वाळवीने खाल्लेले असते. मोडलेले खिळे शोधण्यासाठी लोहचुंबक फिरवावे. एक खिळा करवतीचे दात आणि रंध्याचे पाते दोन्ही घालवतो.

(क) पॅकिंगचे लाकूड : यंत्रांच्या खोक्यांचे पाइन लाकूड हलके व स्वस्त मिळते. रोपांच्या ट्रे व मांडणीसाठी ते पुरते. परदेशातून आलेल्या खोक्यांवर शिक्का असतो. त्यात ‘एच.टी.’ ही इंग्रजी अक्षरे असतील तर लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. ‘एम.बी.’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. असे लाकूड घरात, गव्हाणीत किंवा भाजीपाल्याच्या ट्रेसाठी वापरू नये.

(ड) वखारीतील लाकूड : येथे मापाचा हिशोब स्वतः करता आला पाहिजे. चिरलेल्या लाकडासाठी रुंदी (इंच) × जाडी (इंच) × लांबी (फूट) करून १४४ ने भागावे. ८ इंच रुंद, दीड इंच जाड व ६ फूट लांब फळी म्हणजे ७२ भागिले १४४, अर्थात अर्धा घनफूट. गोल ओंडका बहुधा घेराच्या चौथाईवर मोजतात. घेर ३६ इंच असेल तर चौथाई ९. म्हणून ८ फूट ओंडक्याचे ९ × ९ × ८ भागिले १४४ म्हणजे साडेचार घनफूट होतात. प्रत्यक्षात त्यात सुमारे ५.७ घनफूट लाकूड असते. या पद्धतीत सुमारे एकपंचमांश लाकूड कमी धरले जाते, कारण चिरताना साल व कडा वाया जातात. म्हणून गोल व चिरलेल्या लाकडाचे दर तसेच्या तसे शेजारी ठेवून तुलना करू नये. दर घनमीटरचा असेल तर एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट धरावे. फळी घेताना एका टोकाशी डोळा लावून पीळ व बाक पाहावा.

लाकूड मुरवणे व वाळवणे

कच्च्या लाकडात पाणी भरपूर असते. पाण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांच्या खाली उतरू लागले की लाकूड आकसू लागते. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही, जाडी-रुंदीत मात्र आकसते. आज कुऱ्हाडीत घट्ट बसलेला कच्चा दांडा महिन्याभरात सैल होतो तो यामुळेच.

झाड हिवाळ्यात, डिसेंबर-जानेवारीत तोडावे. बाभळीचे ओंडके दीड-दोन महिने पाण्यात बुडवून ठेवण्याची आपल्या वाडवडिलांची रीत शास्त्राला धरून आहे. लाकडातील पिष्टमय पदार्थ निघून जातात व लाकूड पोखरून भुगा करणाऱ्या भुंगेऱ्यांना अन्न राहत नाही. नंतर ओंडके चिरून किंवा फाडून घ्यावेत. दांड्यासाठी करवतीने चिरण्यापेक्षा कुऱ्हाड व पाचरीने फाडलेले लाकूड बळकट असते, कारण ते आपल्या रेषेत फाटते आणि रेषा टोकापर्यंत अखंड राहतात.

तुकड्यांच्या दोन्ही टोकांना शेण-मातीचा जाड लेप द्यावा. टोकांतून पाणी सर्वांत लवकर उडते व तेथेच भेगा पडतात. जमिनीपासून फूटभर उंचीवर, सावलीत व हवेशीर जागी थर रचावेत आणि दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या घालाव्यात. भर उन्हात टाकू नये. इंचभर जाडीची फळी उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वापरण्याजोगी होते. जाड तुकड्यांना अधिक काळ लागतो. म्हणून दांड्याचे तुकडे आधीच जवळपास मापाचे तासून वाळवावेत.

वाळले की नाही हे अंदाजाने ठरवू नये. एका तुकड्यावर खूण करून दर पंधरा दिवसांनी त्याचे वजन करावे. सलग दोन वेळा वजन सारखे भरले म्हणजे लाकूड हवेच्या मानाने वाळले. ओलाव्याची टक्केवारी काढावयाची असेल तर मधल्या भागाची लहान चकती वजन करून पूर्ण वाळवावी व पुन्हा वजन करावे. ओली चकती १८० ग्रॅम व वाळलेली १२० ग्रॅम भरली तर उडालेले पाणी ६० ग्रॅम. लाकडात ही टक्केवारी वाळलेल्या वजनावर काढतात, म्हणजे ५० टक्के. बियाण्यात ती ओल्या वजनावर काढतात, त्या हिशोबाने हाच आकडा ३३ टक्के येतो. दोन्हींची गल्लत करू नये.

सैल दांडा पाण्यात का बुडवू नये?

कुदळीचा दांडा सैल झाला की ती रात्रभर पाण्यात टाकण्याची सवय सर्वत्र आहे. सकाळी दांडा घट्ट होतो आणि आपण निश्चिंत होतो. प्रत्यक्षात लाकूड फुगते तेव्हा लोखंडी नेढे त्याला जागा देत नाही. त्यामुळे लाकडाचे तंतू दबून चेपतात. दांडा पुन्हा वाळला की तो आधीपेक्षाही बारीक होतो. दरवेळी बुडवल्याने सैलपणा वाढत जातो.

त्याच २०१६ च्या पावसाळ्यात शेतातील साचलेले पाणी काढण्यासाठी चर खोदताना आमच्या टिकावाचे पाते निसटले आणि शेजारी काम करणाऱ्या मावशींच्या पायापासून हातभर अंतरावर पडले. दांडा मी मे महिन्यात कच्च्या बाभळीचा घातला होता आणि सैल झाला म्हणून दोनदा पाण्यात बुडवला होता. थोडक्यात निभावले. चूक माझी होती आणि पाय मात्र मजुराचा जाणार होता. तेव्हापासून वाळलेला दांडा असल्याशिवाय मी कोणाच्या हाती टिकाव देत नाही.

योग्य पद्धत अशी : पूर्ण वाळलेला, गाठ नसलेला व सरळ रेषांचा दांडा घ्यावा. नेढ्यात तो ठोकूनच जाईल इतपत तासावा. कुऱ्हाड व हातोडीच्या दांड्याला टोकाकडून करवतीने चीर द्यावी आणि त्यात वाळलेल्या कठीण लाकडाची पाचर ठोकावी. टिकावाचा दांडा नेढ्याकडे जाड ठेवावा, म्हणजे पाते बाहेर निसटत नाही. वर्षातून दोनदा दांड्याला जवसाचे तेल चोळावे. सैल झालेला दांडा पुन्हा ठोकून नवी पाचर द्यावी किंवा बदलावा.

धार लावणे

पटाशी व रंध्याच्या पात्याचा उतार सुमारे २५ अंशांचा ठेवून टोकाची धार ३० अंशांवर लावावी. बाभळीसारख्या कठीण लाकडासाठी कोन थोडा वाढविला तर धार जास्त टिकते. प्रथम भरड व मग बारीक बाजूवर, पाणी किंवा तेल टाकून घासावे. पाठीमागे बोटाला बारीक वळ लागली म्हणजे धार टोकापर्यंत आली असे समजावे. नंतर पाते उलटे करून पाठ दगडावर सपाट टेकवून ती वळ काढावी. दगड घेणे जमत नसेल तर जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवूनही उत्तम धार लागते. विजेच्या सहाणेवर पाते सतत पाण्यात बुडवत राहावे व डोळ्यांना चष्मा लावावा. काम संपल्यावर हत्यारे पुसून, तेलाचा हात देऊन, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावीत.

कामाचे वेळापत्रक

डिसेंबर-जानेवारी : लाकूड मिळवणे, परवानगीची चौकशी, ओंडके पाण्यात घालणे.
फेब्रुवारी-मार्च : ओंडके काढून फाडणे, टोकांना लेप, सावलीत रचणे. सुगीचा पैसा हाती असताना एखादे हत्यार घेणे.
एप्रिल : वजने करून पाहणे, हत्यारांना धार.
मे : सर्व औजारे जोडून तपासणे, दांडे बदलणे, तिफणीचे फण व पाचरी पक्क्या करणे. दोन दांडे व काही पाचरी जादा करून ठेवणे.
जून : फक्त पेरणी.

अवघड कामे, उदाहरणार्थ नवी तिफण किंवा बैलगाडीचे चाक, कसबी सुताराकडेच द्यावीत व तीही उन्हाळ्यात द्यावीत. त्याला वेळ मिळतो व आपल्याला काम चांगले मिळते. शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या डिसेंबरात बांधावरून एक चक्कर मारून कोणती वाळकी फांदी सरपणाची आणि कोणती दांड्याची हे ठरवावे. वापसा कोणासाठी थांबत नाही. त्या दिवशी लागणारे लाकूड सहा महिने आधीच आढ्याखाली वाळत असले पाहिजे.